खणखणीत

झाकण पहिल्यांदा उघडलं तेव्हा पेटीत पाने होते, तारेचं एक भेंडोळं होतं आणि कुणाचा तरी एकच रबरी बूट होता. एका शेडच्या कोपऱ्यात ती सोड्याच्या बाटल्या विकणारी जुनी पेटी वर्षानुवर्षं अवजारं ठेवायला वापरली जात होती. मालकाला शेड रिकामी करायची होती, मला दर्शनी पत्र्यावरची उठावाची अक्षरं दिसली होती, व्यवहार व्हायला वेळ लागला नाही. उचलायला चार माणसं लागली. नवरा म्हणाला, "अगं, फ्रीज आहे की घरात." पुढच्या आठ महिन्यांत त्याने हे वाक्य पुन्हा उच्चारलं नाही. गरजच नव्हती. ते वाक्य पेटीबरोबर गॅरेजमध्ये मुक्कामालाच आलं होतं.

१९५०च्या दशकात अमेरिकेत अशा पेट्या पेट्रोल पंपांवर, कारखान्यांत, शाळांच्या व्हरांड्यांत उभ्या असत. सोडा विकणारं यंत्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उभं कपाट येतं. ही मात्र आडवी, छातीला लागेल एवढ्या उंचीची, वरून झाकण असलेली. जाणकार हिला ‘स्लायडर’ म्हणतात. आत लोखंडी पट्ट्यांचे रूळ आहेत. दोन पट्ट्यांमधल्या फटीत बाटल्या मानेने लटकतात. हवी ती बाटली रुळावरून सरकवत कोपऱ्यातल्या फाटकापर्यंत आणायची, खाचेत नाणं टाकायचं, खटका सुटतो, बाटली वर ओढून घ्यायची. बाटली बाहेर पडते त्याच हालचालीत फाटक तिच्यामागे बंद होतं. या सगळ्याला वीज लागत नाही. वीज फक्त गारव्यापुरती.

नाण्याशिवाय बाटली निघत नाही, पण झाकण तर कुणालाही उघडता येतं. त्यामुळे बाटली जागेवरच ठेवून तिचं बूच उडवायचं आणि लांब स्ट्रॉ लावून सोडा पिऊन टाकायचा, ही त्या काळातल्या पोरांची प्रसिद्ध युक्ती. संध्याकाळी दुकानदाराला रुळावर रिकाम्या बाटल्या लटकलेल्या सापडायच्या. हे वाचल्यापासून मला ती पेटी जरा जास्तच आवडू लागली.

माझी पात्रता सांगायची तर मी तोवर मिक्सरच्या भांड्याच्या पात्यापलीकडे काही उघडलेलं नव्हतं. नवशिक्या माणसाला पहिला मोह होतो तो रंगाचा. आधी पेटी लालभडक दिसू दे, बाकीचं बघू. मी पॉलिश पेपरचा गठ्ठा घेऊन बसलेसुद्धा होते. नशिबाने त्या आधी एक तपासणीची काडी घासून पाहिली आणि ती लाल झाली. रंगात शिसं. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ साली. त्याआधीच्या कुठल्याही रंगाबद्दल संशय धरलेलाच बरा. कोरडं घासलं असतं तर ती लाल धूळ गॅरेजभर आणि माझ्या फुप्फुसांत गेली असती. मग मास्क, पाण्याने ओलं करून खरवडणं, खाली प्लॅस्टिक, कपडे वेगळे धुणं. ज्या कामाला मी एक शनिवार दिला होता त्याने पाच शनिवार खाल्ले.

वीज हे दुसरं प्रकरण. वायरचं रबर बोटांत चुरगळत होतं, अर्थिंगचा पत्ताच नव्हता. ‘लावून तर बघू, चालतंय का’ ही प्रत्येकाची इच्छा असते आणि नेमकं तेच करायचं नसतं. लोखंडी पेटी, उघडी तार आणि ओला हात, एवढं पुरतं. नवी तीन तारांची वायर, नवा थर्मोस्टॅट, आणि मग कॉम्प्रेसर. तो मात्र मी उघडला नाही आणि हे माझ्या हातून झालेलं पहिलं शहाणपणाचं काम. त्या तांब्याच्या नळ्यांत आर-१२ नावाचा वायू असतो. टॉमस मिजली हे अमेरिकन संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८च्या सुमारास तो शीतयंत्रांसाठी पुढे आणला, कारण त्याआधीचे सल्फर डायऑक्साइडसारखे वायू गळले की माणसाचा जीव गुदमरायचा. हा नवा वायू ना पेटायचा, ना विषारी होता. ओझोनचा थर तो पोखरतो हे कळायला चाळीसहून जास्त वर्षं गेली. १९८७चा माँट्रियल करार त्यातूनच आला. १९९२ पासून अमेरिकेत तो मुद्दाम हवेत सोडणं बेकायदा आहे आणि अशा नळ्यांचं काम परवानाधारकानेच करायचं असतं.

मी बोलावलेले तंत्रज्ञ सत्तरीचे होते. त्यांनी नळ्यांवरून हात फिरवला, मीटर लावला, स्टार्ट रिले बदलला आणि पेटी सुरू केली. आधी एक घोगरा हुंकार, मग संथ घरघर. वीस मिनिटांनी टाकीच्या भिंतीवर बोट टेकवलं तर गार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते लगेच दुसरीकडे बघू लागले. जाताना एवढंच म्हणाले, "आतला गॅस पहिलाच आहे. चालतंय तोवर याला कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही."

कुणीही हात न लावल्यामुळे टिकलेली ती एकच गोष्ट. बाकी सगळ्याला मी हात लावला.

नाण्याची यंत्रणा काढली तेव्हा ती वाळलेल्या सरबताने आणि धुळीने माखलेली होती. सुटे भाग मी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवले. सकाळी भांड्यात छान बुडबुडे येत होते. गंज निघतोय म्हणून मी खूश. लेकीला फोटो पाठवला. ती रसायनशास्त्र शिकते. तिचा फोन आला, "आई, बाहेर काढ आधी! गंज नाही निघत, जस्त निघतंय." त्या भागांवर जस्ताचा मुलामा होता, गंज अडवण्यासाठीच दिलेला. आम्लाने गंजाच्या आधी रक्षकालाच विरघळवलं होतं. भाग धुवून फडक्यावर वाळत टाकले आणि दुपारपर्यंत त्यांच्यावर नारिंगी साय धरली. सत्तर वर्षांत जेवढा गंज चढला नव्हता तेवढा एका दुपारी.

मग लेकीच्या देखरेखीखाली धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर आणि लोखंडाची एक भंगार पट्टी वापरून विजेने गंज काढायला शिकले. स्टीलची चकचकीत पट्टी वापरायची नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. खिडकी उघडी ठेवायची, हायड्रोजन सुटतो. ही पद्धत संथ आहे, खालच्या धातूला धक्का न लावता गंज तेवढा सैल करते. हिच्याविषयी मी आता पाहुण्यांना जरा जास्तच बोलते असं घरच्यांचं म्हणणं आहे.

पण मला सांगायचंय ते त्या यंत्रणेविषयी. पंज्यात मावेल एवढा तो पत्र्याचा सांगाडा. मी त्याला नाण्याचं भोक समजत होते. निघालं ते परीक्षागृह.

अमेरिकेचं पाच सेंटांचं नाणं पाच ग्रॅम वजनाचं आणि २१.२१ मिलिमीटर व्यासाचं असतं. ७५ टक्के तांबं, २५ टक्के निकेल. नाणं खाचेतून पडतं ते एका छोट्या पाळण्यात. व्यास कमी असेल तर ते पाळण्यातून निसटून परतीच्या वाटेला लागतं. वजन कमी असेल तर पाळणा कलतच नाही. इथवर समजायला सोपं आहे. इसवीच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने वर्णन केलेलं पवित्र पाण्याचं यंत्रही असंच होतं. नाणं तबकडीवर पडायचं, त्याच्या भाराने दांडा कलायचा, झडप उघडायची, नाणं घसरून खाली गेलं की पाणी बंद. हेरॉनच्या यंत्राला मात्र फक्त वजन कळत होतं. तेवढ्या वजनाचा खडा टाकला तरी ते पाणी देणार.

माझ्या पेटीला वजनावर समाधान नाही. पाळण्यातून सुटलेलं नाणं उतारावरून घरंगळतं आणि एका चुंबकाच्या तोंडासमोरून जातं. लोखंड असेल तर तिथेच चिकटतं. तांबं, पितळ, चांदी यांना चुंबक ओढत नाही, पण धातू चुंबकासमोरून सरकला की त्याच्या अंगात विजेचे भोवरे उठतात आणि ते त्यालाच मागे खेचतात. ज्या धातूतून वीज सहज वाहते त्याला हा लगाम जास्त बसतो. तांबं-निकेलच्या मिश्रणातून वीज तशी कष्टानेच वाहते, त्यामुळे खरं नाणं फारसं मंदावत नाही. पितळेचं मंदावतं. उताराच्या टोकाला एक इवलीशी ऐरण आहे. नाणं तिच्यावर आपटतं आणि उडतं. योग्य धातूचं, योग्य वेगाचं असेल तर नेमकं पलीकडच्या खाचेत उतरतं. मंदावलेलं अलीकडेच पडतं. शिशासारखं मऊ असेल तर धड उडतच नाही. आपण खणखणीत नाणं म्हणतो ना, ते ती पेटी अक्षरशः करून बघते: आपटून, उडवून. सगळ्याला एक सेकंदही लागत नाही.

या परीक्षेचा धाक केवढा होता त्याची एक गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात निकेल शस्त्रांसाठी हवं होतं, म्हणून १९४२ ते १९४५ या काळात पाच सेंटांचं नाणं निकेलशिवाय पाडलं गेलं: ५६ टक्के तांबं, ३५ टक्के चांदी, ९ टक्के मँगनीज. चांदी समजू शकते. मँगनीज कशाला? तर विक्रीयंत्रांतल्या परीक्षेत हे नवं नाणं नापास होऊ नये म्हणून. तांबं आणि चांदी दोन्ही विजेचे उत्तम वाहक. मँगनीजने त्यांचा तो गुण दाबला आणि नाणं जुन्यासारखं वागू लागलं. सरकारने नाण्याची पाककृती ठरवताना पेट्यांची मर्जी सांभाळली.

किंमतीच्या बाबतीतही तेच झालं. कोका-कोलाचा पेला १८८६ साली पाच सेंटांना होता आणि १९५०च्या दशकापर्यंत बाटलीही पाच सेंटांनाच होती. याची कारणं अनेक. १८९९ साली दोन वकिलांनी बाटलीबंद करण्याचे हक्क अवघ्या एका डॉलरला लिहून घेतले ती त्यांपैकी एका कारणाची सुरुवात. पण शेवटी अडून बसल्या त्या पेट्या. त्यांना एकच नाणं कळायचं. पुढचं नाणं दहा सेंटांचं, म्हणजे भाव थेट दुप्पट. १९५३ साली कंपनीचे सर्वेसर्वा रॉबर्ट वुड्रफ यांनी आपले मित्र आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सुचवलं की साडेसात सेंटांचं नवं नाणं पाडावं. पेट्या बदलण्यापेक्षा देशाचं चलन बदलणं त्यांना सोपं वाटलं. ते नाणं अर्थातच निघालं नाही. १९५९च्या सुमारास पाच सेंटांची बाटली संपली.

तर असा हा कडक परीक्षक मी सुटा केला तेव्हा त्याच्या घशात एक चकती अडकलेली निघाली. पितळेची, नाण्याच्याच मापाची, कडेला कानशीचे बारीक ओरखडे. दोन्ही बाजू कोऱ्या. कुणीतरी बसून, नाणं शेजारी ठेवून, घासून घासून मापात आणली होती. मी स्वतः कानस चालवून पाहिली आहे आता; अशा चकतीला तासभर सहज लागतो. १९५० साली अमेरिकेत किमान वेतन तासाला ७५ सेंट होतं, म्हणजे पंधरा बाटल्या. पंधरा बाटल्यांचा वेळ घालवून त्याला एक बाटली फुकट हवी होती. आणि तीही मिळाली नाही. चकती चुंबकाजवळ मंदावली असणार आणि चिकट सरबतात रुतून बसली असणार.

मी त्या माणसाच्या प्रेमातच पडले. चकती धुवून खिडकीत ठेवली.

यंत्रणा पुन्हा जुळवली आणि तिने माझी खरीखुरी नाणी परत करायला सुरुवात केली. एकामागून एक. खळकन खालच्या वाटीत. मी तेल घातलं. हे दुसरं पाप. पाच दिवसांत तेलावर धूळ बसली आणि नाणी अर्ध्यात थांबू लागली. नाण्याच्या वाटेवर तेल कधीच घालायचं नसतं हे मला नंतर कळलं. सगळं पुन्हा सोडलं, स्पिरिटने पुसलं, खरखरीत झालेल्या आसांना अगदी बारीक पॉलिश केलं. नाणं परत येण्याचा तो आवाज मी अजून विसरले नाही. खोटं नाणं परत आलं तर समजतं. खरं नाणं परत येतं तेव्हा चूक आपली असते, आणि ती नेमकी कुठे आहे हे पेटी सांगत नाही. आपलाच दाम खोटा म्हणतात, तसं झालं होतं. फक्त दाम चोख होता, मी खोटी होते.

या सोडण्या-जुळवण्यात चुंबक चौकटीतून काढून मी एका प्लॅस्टिकच्या डब्यात टाकलं होतं. ते तिथे तीन आठवडे पडून होतं. दोनदा फरशीवरही पडलं. हे मी इथे नोंदवून ठेवते.

मधल्या काळात रंग झाला. त्यातली एक गंमत सांगते. उठावाची अक्षरं ब्रशने रंगवायला गेलं की हात थरथरतो आणि अक्षरं दातरी होतात. खरी रीत अशी की आधी सगळा पत्रा लाल करायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग कडक रबराच्या रोलरला पांढऱ्या रंगाचा पातळ थर देऊन तो अक्षरांवरून फिरवायचा. रोलर फक्त उंचवट्यांना टेकतो. एका फेरीत अख्खं वाक्य उमटतं. मी पहिल्याच झटक्यात जास्त जोर दिला आणि पांढरा रंग खाली लालवर लागला. तो डाग डाव्या खालच्या कोपऱ्यात आहे. पाहुणे झाकणाकडे बघतात, मी डागाकडे. झाकणाच्या कडेला एक पोचा होता, बहुतेक कुणीतरी वर्षानुवर्षं तिथे कोपर किंवा क्रेट टेकवला असेल. तो मी ठोकून काढला नाही.

पेटी पूर्ण झाल्यावर प्रश्न आला की हिच्यात नाणं कुठलं चालवायचं. हौशी लोकांत बरेच जण खटका कायमचा सोडून ठेवतात, नाण्याशिवाय बाटली निघते. नवऱ्याचंही तेच मत. "घरातल्या घरात पैसे कसले घ्यायचे?" मला ते पटेना. नाणं न मागणारी ही पेटी म्हणजे नुसता अवजड फ्रीज. शिवाय युद्धाची ती चार वर्षं सोडली तर पाच सेंटांच्या नाण्याचा धातू १८६६ पासून तोच आहे, आणि आजचं नवंकोरं नाणंही पाचच ग्रॅमचं आहे. पेटीच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही. तिला बाहेरच्या भावाची बातमी पोचलेलीच नाही. ती मी का पोचवू? म्हणून पेटीवर एक पत्र्याचा डबा ठेवला आणि त्यात वीस नाणी. प्यायची असेल त्याने डब्यातलं नाणं घ्यायचं, खाचेत टाकायचं. डबा संपला की मी पेटीचा गल्ला उघडून नाणी परत डब्यात टाकते.

लेक सुट्टीत आली त्या दिवशी पहिल्यांदा सगळे रूळ भरले. तिने येताना युद्धकाळातलं एक नाणं आणलं होतं, १९४३चं. मागच्या बाजूला कोरलेल्या इमारतीच्या घुमटाच्या वर मोठा ‘पी’, हीच त्याची खूण. रंगही जरा काळसर. तिने ते माझ्या हातात दिलं. पाळणा, चुंबक, ऐरण. आत ठक्क आवाज झाला आणि खटका सुटला. टाकसाळीत कुणीतरी मोजून घातलेलं नऊ टक्के मँगनीज इतक्या वर्षांनी आमच्या गॅरेजमध्ये कामाला आलं. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या, बाटली ओढण्याचा मानही त्यानेच घेतला.

मग लेक खिडकीकडे गेली आणि ती पितळेची चकती घेऊन आली.

"टाकू?"

"टाक की. परत येईल बघ."

मी वाटीखाली हात धरून उभी राहिले. चकती घरंगळली. ठक्क. खटका सुटला.

आम्ही तिघंही गप्प. लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, तू ते चुंबक काढलं होतंस का गं?" मी डब्याचं सांगितलं, फरशीचंही सांगितलं. जुनी अल्निको या मिश्रधातूची चुंबकं त्यांच्या लोखंडी चौकटीतून काढून सुटी ठेवली की त्यांचा जोर उतरतो, आदळली तर आणखी उतरतो, असं ती म्हणाली. लगाम ढिला पडला होता. पितळ आता मंदावत नव्हतं. इतकी वर्षं ज्याला पेटीने दाद दिली नव्हती त्याला मी आठ महिने खपून पास करून दिलं होतं.

चुंबकाला पुन्हा जोर देता येतो, असंही ती म्हणाली. बघू.

खटका अजून सुटलेलाच होता. फाटकात एक बाटली येऊन थांबली होती. मी ती वर ओढली. चांगली गार होती, मानेवर दव जमलेलं. ती कुणी प्यायची यावरून आमचा थोडा वाद झाला.